थर्झाला मनाई कोणाची

थर्झा लार्टर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पण शिंपल्यांची बादली काही तिने खाली ठेवली नाही. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला.

"ग्रेस, एडगरने मला विचारलं," ती म्हणाली.

"काय विचारलं?" मला कळलं होतं, तरी मी म्हटलं.

"लग्नाचं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, वेड लागलंय का तुला? आपल्याला चालत नाही ते. आणि निघाले. बांधावरून पळतच आले मी." एवढं बोलून ती एकदम दाराच्या पायरीवर बसली. बादली अजून हातातच.

मी किटली चुलीवर चढवली. थर्झा आणि मी एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेल्या. पुढे मी खोगीर शिवणाऱ्या मिस्टर बनशी लग्न करून त्याच्या घरात पडले आणि रविवारी चर्चची पायपेटी वाजवू लागले. ती इतर बायकांबरोबर ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या गोळा करू लागली. नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या आमच्या स्टिब्रुक गावात बायकांना हीच दोन-तीन कामं. थर्झा छत्तीस वर्षांची होती, उंच, हाडापेराने मोठी, आणि तिला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तिची बहीण हेटी गेली तेव्हा.

एडगर मेस हा हेटीचा नवरा. समुद्राच्या बांधाला उघाडी असते ना, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती आली की मिटायची, ती सांभाळायचं त्याचं काम. उघाडीशेजारीच त्याचं घर. भिंतींना बारा महिने ओल. हेटी तिथे लग्न होऊन गेली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात खोकायला लागली. गेली तेव्हा तिची पॉली तीन वर्षांची होती. थर्झाने तिला उचलून बापाच्या घरी आणलं, आणि पोर 'मावशी, मावशी' करत तिथेच वाढली. मग युद्ध आलं, एडगर फ्रान्सला गेला, आला तो एक कान बहिरा होऊन. तेव्हापासून दर रविवारी तो पोरीला भेटायला लार्टरांकडे जेवायला यायचा. टेबलाच्या एका टोकाला म्हातारा जेबेझ, दुसऱ्या टोकाला हा, मध्ये पॉलीची बडबड. एडगर थर्झाकडे पाहायचा नाही आणि थर्झा एडगरकडे पाहायची नाही. दोघंही इतक्या मेहनतीने पाहायची नाहीत की आख्ख्या गावाला कळलं होतं.

पण आमच्याकडे मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न चालत नसे. चर्चच्या भिंतीवर काळी पाटी होती. कोणी कोणाशी लग्न करायचं नाही त्या सगळ्या नात्यांची. आजी, सावत्र आई, सून, आणि त्यांच्यातच बायकोची बहीण. लहानपणी प्रवचन लांबलं की आम्ही ती वाचत बसायचो आणि आजीशी कोण लग्न करणार म्हणून हसायचो. ती पाटी कधी आपल्याच अंगावर येईल असं थोडंच वाटलं होतं.

"बाबांनी मला हेटीच्या मातीलाच सांगितलं होतं," थर्झा म्हणाली. "सगळे निघून गेले. एडगर पोरीला घेऊन उभा होता. मी त्याच्या कोटाची बटणं लावून देत होते, त्याचे हात पोरीत गुंतलेले होते म्हणून. बाबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, लक्षात ठेव, बहिणीचा नवरा. फॉरबिडन आहे. बस, एवढंच. आणि ग्रेस, देवाशपथ सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. त्यांनी म्हटल्यावर आलं."

मी तिच्या हातात चहा दिला. तिने बादली खाली ठेवली तेव्हा कुठे.

दुसऱ्या दिवशी शिंपल्यांना मीसुद्धा गेले. मला कामाची गरज नव्हती, पण थर्झाला एकटीला त्या बायकांच्या तोंडी द्यायला नको वाटलं. आम्ही सहा-सात जणी ओळीने चिखलात वाकून दाताळी ओढत होतो. वारा कानात शिरत होता आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलणं चाललं होतं. विषय हॅरिएट गूचच्या नवऱ्याचा.

"काल तुझा सॅम डॉल्फिन गुत्त्याच्या मागच्या खिडकीत दिसला गं," कोणीतरी म्हणालं. "त्याला तर हाकललंय ना तिथून?"

"बार्ड केलंय," हॅरिएट म्हणाली. "म्हणजे दारातून आत पाय टाकायचा नाही. खिडकीतून हात घालायचा नाही असं कोण म्हणालं? मालकाने तसं सांगितलेलं नाही. सॅम शब्दाला पक्का आहे."

"शब्दाला पक्का आणि पायाला कच्चा."

सगळ्या हसल्या. थर्झा हसली नाही. वाकलेलीच राहून तिने विचारलं, "मला एक सांगा, फॉरबिड आणि प्रोहिबिट यांत फरक काय?"

ती का विचारतेय हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि प्रत्येकीने ते ठाऊक नसल्यासारखा चेहरा केला. शेवटी रूथ थॅक्स्टरने कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. ही आमच्यातली सगळ्यांत म्हातारी.

"फॉरबिड करायला समोर माणूस लागतो," रूथ म्हणाली. "माझ्या आईने मला लाल रिबन फॉरबिड केली होती. ती गेली, त्याच्या पुढच्या जत्रेला मी लाल रिबन लावून गेले आणि जत्राभर रडले. प्रोहिबिट करायला माणूस नाही लागत. पाटी लागते. तो बघा, जहागीरदाराचा बोर्ड, इथून जाणं प्रोहिबिटेड. वीस वर्षं आपण त्याच्याखालून जातोय, आणि त्याचा राखणदार आपल्याला गुड मॉर्निंग घालतोय."

"आणि बॅन?" हॅरिएटला आता मजा वाटायला लागली होती.

"बॅन म्हणजे सगळ्या गावाला एकदम. डॉल्फिनमध्ये फासे बॅन झाले तेव्हा तुझ्या सॅमला बॅन, मला बॅन, पाद्रीसाहेबांनाही बॅन."

"पाद्रीसाहेब फासे खेळतात?"

"म्हणूनच बॅन करावे लागले."

पुन्हा हसणं झालं. मग रूथ दाताळं टेकत थर्झाच्या जवळ आली आणि तिच्यापुरतं म्हणाली, पण माझे कान तिकडेच होते. "पोरी, मेलेल्या बायकोच्या बहिणीचं जे आहे ना, ते प्रोहिबिटेड होतं. होतं. जाड्या एडवर्ड राजाच्या वेळीच कायदा बदलला. माझ्या भाचीच्या शेजारणीने केलंय तसं लग्न, नॉरिचला, कचेरीत सही करून. दोन मुलं आहेत."

"भिंतीवर तर अजून पाटी आहे."

"पाटी आहे. राजाने आपलं काढून घेतलं, एवढं मला माहीत आहे. देवाचं काय ते मला नाही माहीत. ते पाद्र्याला विचार. त्याला त्याचाच पगार आहे."

थर्झाने त्या दिवशी निम्म्या शिंपल्या धुवायच्याच राहू दिल्या. संध्याकाळी आम्ही दोघी पाद्रीसाहेबांच्या दारात. रेव्हरंड टिल यांना गावात येऊन दोनच वर्षं झालेली. युद्धात सैन्याबरोबर होते, तिथून छातीचं दुखणं घेऊन आलेले. मोलकरणीने आम्हाला आत नेलं तर साहेब शेगडीपुढे बसलेले, पाय मोहरीच्या गरम पाण्यात, डोक्यावर टॉवेल.

"उठत नाही, माफ करा," ते म्हणाले. "उठलो तर गालिचा भिजेल आणि मिसेस पाय मला फॉरबिड करतील." मिसेस पाय म्हणजे त्यांची मोलकरीण. तिने दारातूनच "करीनच" म्हटलं.

थर्झा उभीच राहिली. वाटेत तिने काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण तिच्या तोंडून आलं ते भलतंच. "साहेब, मी पापी आहे का?"

टिलसाहेबांनी टॉवेल काढला. "बसा आधी, मिस लार्टर. कशाबद्दल म्हणताय?"

तिने सांगितलं. हेटी, पॉली, एडगर, बांधावरचं घर, रविवारची जेवणं. तिचं बोलणं इतकं तुटक होतं की मला मधे मधे दुवे जोडावे लागले. शेवटी ती म्हणाली, "दर रविवारी मी गुडघे टेकून त्याचीच माफी मागते. आठ वर्षं. दुसरं काही मागायला वेळच उरत नाही."

साहेबांनी टॉवेलाची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एकेक करून बघू. कायद्याने हे प्रोहिबिट केलेलं होतं, ते चौदा वर्षांपूर्वी उठलं. त्यामुळे कायदा तुम्हाला काही म्हणत नाही. माझ्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना हे पसंत नाही, अजूनही नाही, आणि म्हणून ती पाटी तिथे आहे. मला हे लग्न लावायचं नसेल तर मी नाही म्हणू शकतो. कायद्याने मला तेवढी मुभा दिली आहे."

थर्झाने मान खाली घातली.

"आणि मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "मी फ्रान्समध्ये पुष्कळ माणसं पुरली, मिस लार्टर. दोन जिवंत माणसं एका टेबलाला बसून एका पोरीला वाढवू म्हणताहेत, त्याला आडवं जायला मला देवाने सांगितलेलं नाही. मी विचारून पाहिलंय. तुमच्याआधी दुसऱ्या एका गावी हाच प्रश्न आला होता."

"मग फॉरबिडन आहे ते कोणी केलंय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं तसं?"

"बाबांनी."

"कुठल्या आधाराने?"

मी तिच्या शेजारी बसून तो बदल पाहिला. पाणी उतरल्यावर वाळू हळूहळू वर येते तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर वर आलं. "आधार त्यांनी सांगितलाच नाही," ती म्हणाली. "नुसतं म्हणाले, फॉरबिडन आहे. मला वाटलं, देवानेच."

"तो शब्द तसाच आहे," टिलसाहेब म्हणाले. "कोणी केलं हे सांगायचं राहून जातं त्यात. घरी जा आणि त्यांना विचारा. मग लग्नाचा पुकारा करू. गंमत अशी की पुकाऱ्याला आपण बॅन्स म्हणतो, आणि बॅन म्हणजे बंदी. एकाच घरातले दोन शब्द. पूर्वी नुसतं मोठ्याने जाहीर करणं एवढाच अर्थ होता. पण माणसं मोठ्याने जाहीर करायची काय, तर बहुधा 'हे करू नका'." ते स्वतःच्याच बोलण्यावर हसायला गेले आणि त्यांना खोकला आला, आणि मिसेस पायनी आम्हाला बाहेर काढलं.

फाटकाशी थर्झाने माझा दंड धरला. "ग्रेस, मी काही केलेलंच नाही," ती म्हणाली. "आठ वर्षांत मी काही वाईट केलेलंच नाही." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता फाटकाच्या खांबाला टेकून रडायला लागली, आणि पुन्हा हसायला. समोरून दूधवाला गेला, त्याने टोपी काढावी की नाही हे त्याला कळेना.

एडगरला तिने दुसऱ्या दिवशी होकार दिला. उघाडीच्या फळीवर उभं राहून, त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूने. त्यामुळे दोनदा द्यावा लागला.

बापाला सांगणं अवघड गेलं. जेबेझ लार्टर सत्तरीचा, चर्चच्या घंटेचा दोर चाळीस वर्षं ओढलेला, खांदे अजून दारात मावत नसत. थर्झाने सांगितल्यावर त्याने हातातला चाकू पावावर ठेवला आणि म्हणाला, "मी मनाई करतो."

"पाद्रीसाहेब म्हणतात, कायद्याची मनाई नाही."

"पाद्र्याच्या घरात मी राहत नाही."

"देवाची मनाई आहे का, बाबा? खरं सांगा."

जेबेझ उठून बाहेर कोंबड्यांकडे गेला. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. जेवण मात्र टाकलं नाही. पॉली दोघांच्या मधे निरोप्यासारखी. "मावशी, आजोबा म्हणतात मीठ कमी आहे." "आजोबांना सांग, मीठ त्यांच्या कोपरापाशी आहे."

पुकारा सलग तीन रविवार असतो. प्रार्थनेच्या मधोमध पाद्री दोघांची नावं वाचतात आणि विचारतात की हे लग्न होऊ नये असं काही कारण कोणाला ठाऊक असेल तर आत्ता सांगा. पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा सगळ्या माना थर्झाच्या बाकाकडे वळल्या. मिसेस डॅक उठून गेल्या, पण त्या पुष्कळ गोष्टींवरून उठून जात. दुसऱ्या रविवारी जेबेझ आलाच नाही. घंटा त्याच्या पुतण्याने वाजवली, वेडीवाकडी.

तिसऱ्या रविवारी तो आला. काळा कोट घालून, सगळ्यांत पुढच्या बाकावर बसला. थर्झा मागे एडगर आणि पॉलीबरोबर. मी पायपेटीवरून वळून पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक. टिलसाहेबांनी नावं वाचली, प्रश्न विचारला, आणि जेबेझ उभा राहिला.

"मी फॉरबिड करतो," तो म्हणाला. घंटा ओढणाऱ्या माणसाचा आवाज. माझ्या पायपेटीच्या पट्ट्यासुद्धा हलल्या.

मला वाटलं थर्झा कोसळणार. ती उठली आणि चालत पुढे आली. टिलसाहेबांनी पुस्तक मिटलं, म्हणाले, "मिस्टर लार्टर, मिस लार्टर, जरा मागच्या खोलीत या." माझ्याजवळून जाताना कुजबुजले, "मिसेस बन, काहीतरी वाजवा. लांबलचक."

पाद्री झगा बदलतात ती खोली माझ्या पाठीशीच. तिचं दार नीट लागत नाही, ओलीने फुगलंय. मी एक गाणं धरलं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, हळू, कारण मोठ्याने वाजवलं असतं तर मला ऐकू आलं नसतं. त्याची मला लाज वाटत नाही.

"कारण सांगा," टिलसाहेब म्हणाले.

"भिंतीवर पाटी आहे."

"पाटी म्हणते, पण कायदा आता म्हणत नाही, आणि हे लग्न मी लावणार आहे. दुसरं कारण?"

"ती माझी मुलगी आहे."

"त्या एकवीस वर्षांच्या आत असत्या तर तेवढं पुरलं असतं. आता पुरत नाही. तुम्ही फॉरबिड केलंत, ते मी ऐकलं, गावाने ऐकलं. पण त्याने लग्न थांबत नाही. काहीतरी दाखवावं लागेल. ठाऊक आहे का काही?"

मी दुसऱ्यांदा गाणं सुरू केलं.

"ते घर," जेबेझ म्हणाला. आता आवाज घंटेचा नव्हता. "ते उघाडीचं घर. माझी हेटी तिथे धडधाकट गेली. भिंतीवरून पाणी यायचं. मी तिला गोधडी नेऊन दिली, ती आठवड्यात हिरवी झाली. मी बापासारखा बाप, खोकला ऐकत बसलो, काही केलं नाही. ती दिली. ही देणार नाही."

"बाबा," थर्झा म्हणाली. "म्हणजे यात देवाचं काही नाही?"

"देवाला कशाला मधे आणतेस?"

"मी नाही आणलं, बाबा. तुम्ही आणलंत. आठ वर्षांपूर्वी, हेटीच्या मातीला."

माझी बोटं चुकली. पुढच्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं.

"मी फॉरबिडन म्हणालो," जेबेझ पुटपुटला. "तू त्याच्याकडे पाहत होतीस, त्याची बटणं लावत होतीस. मला वाटलं, आता हीसुद्धा जाणार त्या घरात. घराला भितो असं सांगायचं? या वयाचा माणूस, घराला भितो? म्हणून तो शब्द काढला. तो शब्द मोठा आहे."

"इतका मोठा की मी त्याच्याखाली आठ वर्षं राहिले," थर्झा म्हणाली. पण तिच्या आवाजात राग शोधूनही मला सापडला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. कोणाचं ते कळलं नाही.

मग टिलसाहेब दार उघडून बाहेर आले आणि एडगरला बोलावलं. एडगर बहिरा कान पुढे करून आत गेला, त्यामुळे त्याला सगळं ओरडून सांगावं लागलं आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. तुझ्या घराची ओल, तुझ्या घराची भीती. ऐकून घेतल्यावर एडगर म्हणाला, "मला तरी कुठे ते घर आवडतं? माझी बायको गेली तिथे."

"मग राहतोस कशाला तिथे?" जेबेझ ओरडला.

"उघाडी तिथे आहे."

"उघाडी दिवसातून दोनदा उघडायची. चालत जाता येत नाही?"

"येतं की. पण राहायचं कुठे?"

मी वाजवणं थांबवलं होतं, हे मला नंतर कळलं. आख्खं चर्च कान टवकारून बसलेलं.

"माझ्या घरात मागची खोली आहे," जेबेझ शेवटी म्हणाला. "कोरडी आहे. पोर तिथे झोपते, तिला वर हलवता येईल. पण माझ्या खुर्चीत कोणी बसायचं नाही."

"तुमच्या खुर्चीला हात नाही लावणार, बाबा," एडगर म्हणाला. हेटी गेल्यापासून त्याने म्हाताऱ्याला बाबा म्हटलं नव्हतं.

टिलसाहेबांनी बाहेर येऊन सांगितलं की हरकत मागे घेतली आहे. जेबेझ त्यांच्यामागून आला, लाल डोळ्यांनी, माझ्यापाशी थांबून म्हणाला, "दुसरं गाणं येत नाही का तुला?" आणि जाऊन धप्पकन बाकावर बसला.

सोमवारी पहाटेची ओहोटी होती. बायका नेहमीच्या वळणावर थर्झाची वाट पाहत थांबल्या. ती आली नाही. हॅरिएटने खिडकीवर टकटक केली, तरी आली नाही. हिवतापात सुद्धा ओहोटी न चुकवणारी बाई, म्हणून सगळ्या घाबरल्या. जेबेझने दार उघडलं आणि बोट ओठांवर ठेवलं. "झोपलीय," तो म्हणाला. "झोपू द्या. घोरतेय." उन्हं गादीवर आली तेव्हा ती उठली, आणि उठल्यावर पहिल्यांदा काय केलं असं मी विचारलं तर म्हणाली, "दोन अंडी खाल्ली. आणि तिसरं."

लग्न साधंच झालं. मिसेस डॅक आल्या नाहीत, आणखीही दोन घरं आली नाहीत, आणि त्यांनी पुढे थर्झाच्या शिंपल्या कधी घेतल्या नाहीत. त्यांचं त्यांच्याजवळ. रूथ थॅक्स्टर लाल रिबन लावून आली. सॅम गूचला त्या एका दिवसापुरतं डॉल्फिनमध्ये पुढच्या दाराने येऊ दिलं, तर त्याला दाराची सवयच राहिली नव्हती. उंबऱ्याला अडखळून पडला.

थर्झाने राखाडी पोशाख घातला होता, स्वतः शिवलेला, आणि केसांत पॉलीने खारजमिनीतली जांभळी फुलं खोवली होती. जेवणाला उकडलेलं डुकराचं मांस, मोहरी, आणि व्हिनेगर घातलेल्या शिंपल्या. जेबेझ आपल्या खुर्चीत बसला होता. जेवण अर्ध्यावर आल्यावर तो उठला आणि एडगरला म्हणाला, "ये, बस इथे. तुझ्या पाठीला खिडकीचं वारं लागतंय."

"नको बाबा, मी ठीक आहे."

"बस म्हणतो ना."

एडगर बसला. म्हातारा त्याच्या जागी स्टुलावर जाऊन बसला आणि थर्झाकडे रिकामी ताटली सरकवून म्हणाला, "वाढ गं थोडं. मीठ बरोबर आहे आज."